सिगेतमधून सुटलेल्या चार आगगाड्या

कार्पेथियन पर्वतराजीत तिसा नदीकाठी वसलेले सिगेत हे गाव आज रुमानियात आहे. परंतु १९४० च्या व्हिएन्ना निवाड्याने उत्तर ट्रान्सिल्व्हेनियाबरोबर ते हंगेरीला मिळाले होते, आणि त्याच्या लोकसंख्येत एक तृतीयांशाहून अधिक ज्यू होते. १९ मार्च १९४४ रोजी जर्मनीने हंगेरीचा ताबा घेतला, तेव्हा सोव्हिएत सेना कार्पेथियनच्या दिशेने सरकत होती; तरीही पुढच्या अवघ्या दोन महिन्यांत येथील ज्यू समाज समूळ उखडला गेला. या वेगाचे कारण हंगेरीच्या शासनयंत्रणेतच शोधावे लागते, कारण हद्दपारीची आखणी करणाऱ्या आडॉल्फ आइखमनच्या पथकात जेमतेम दीडशे-दोनशे माणसे होती.

५ एप्रिलपासून ज्यूंना छातीवर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले. ७ एप्रिलच्या गुप्त आदेशाने गृहखात्याने ज्यूंना ठरावीक ठिकाणी डांबण्याचे ठरवले आणि त्यांच्या नावांच्या याद्या त्यांच्याच संस्थांकडून करवून घेतल्या. त्याच महिन्यात सिगेतमध्ये घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवण्याची बंदिस्त वस्ती, उभारण्यात आला. आसपासच्या खेड्यांतील कुटुंबेही तेथेच आणली गेल्याने सुमारे १३,००० माणसे मोजक्या गल्ल्यांत दाटीवाटीने राहू लागली, आणि हद्दीवरील घरांच्या बाहेरच्या बाजूच्या खिडक्या बंद करण्यात आल्या. या साऱ्या कामात जेंडार्म, म्हणजे ग्रामीण भागातील निमलष्करी पोलीस, आघाडीवर होते.

१६ ते २२ मे या काळात चार मालगाड्यांनी हा घेट्टो रिकामा केला. एकेका डब्यात सत्तरच्या आसपास माणसे कोंबलेली असत. कश्शा येथे हंगेरीच्या शिपायांकडून गाडी जर्मनांच्या हवाली होई, आणि आउश्विट्झ-बिर्केनाऊ येथे उतरताच बहुतेकांना विषारी वायूच्या कोठड्यांत मारले जाई. सिगेतहून असे नेलेल्यांत पुढे १९८६ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणारे एली वीझेलही होते; तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. त्यांची आई व धाकटी बहीण तेथेच मारल्या गेल्या.

मे ते जुलै या आठ आठवड्यांत हंगेरीतून अशा रीतीने सुमारे ४,३७,००० ज्यू पाठवले गेले. हुकूम बर्लिन आणि बुडापेस्टमधून सुटले, तरी यादी तपासणारा कारकून, घराला कुलूप ठोकणारा शिपाई आणि गाडीची वेळ ठरवणारा रेल्वे अधिकारी यांच्यावाचून ते अमलात येणे अशक्य होते. म्हणून सिगेतच्या संहाराचा दोष केवळ परक्या आक्रमकावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही; त्यात हंगेरीच्या शासनाचा आणि त्याच्या स्थानिक सेवकांचाही पुरता वाटा आहे.