थ्री नॉट थ्रीचा घसा

परभणी जिल्ह्यातलं, जिंतूर तालुक्यातलं चारठाणा हे माझं आजोळ. जुन्या हेमाडपंती देवळांचं गाव. मागच्या वीकांताला बऱ्याच दिवसांनी जाणं झालं. संध्याकाळी मामांबरोबर एका देवळापाशी बसलो होतो. शेकडो वर्षांच्या पावलांनी तिथला उंबरा मधोमध झिजून वाटीसारखा झालाय. मामा पोलिसातून रिटायर झालेले, उमेदीची सगळी वर्षं खांद्यावर थ्री नॉट थ्री. मी सहज म्हणालो, "मामा, तुमच्या रायफलीची नळी पण अशीच झिजत असेल ना, गोळी घासून घासून?"

"छे रे. घासून नाही जात ती. जळून जाती."

मग त्यांनी त्यांच्या नोकरीतला एक किस्सा सांगितला. वार्षिक फायरिंगला त्यांच्या गोळ्या टार्गेटवर कुठेही लागायच्या. बरं, भोकं गोल नाहीत, काकडीच्या बीसारखी लांबट. म्हणजे गोळी आडवी होऊन जात होती. साहेबांनी मात्र "हात कापतो, नेम नाही" असा शेरा मारला. दोन वर्षं तोच शेरा. तिसऱ्या वर्षी दुसरी रायफल हातात आली आणि मामांचा "हात" एका दिवसात बरा झाला!

पुण्याला परत आल्यावर दोन रात्री याच विषयात गेल्या. तर मंडळी, मामांचं बरोबर आहे.

रायफलीच्या नळीत आतून नागमोडी चर कोरलेले असतात. गोळी त्यात दाबून बसते आणि भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते. काडतूस जिथे बसतं त्याच्या लगेच पुढचा भाग, जिथे चर सुरू होतात, तो नळीचा घसा. दारू पेटली की तिथला वायू लोखंड वितळण्याच्या तापमानाच्याही वर जातो. हे फक्त एक-दीड मिलिसेकंद चालतं, पण तेवढ्यात पोलादाचा पृष्ठभाग तापतो, लगेच थंड होतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि पुढच्या प्रत्येक बाराला गरम वायू त्या भेगा खरवडत जातो. गोळीच्या घासण्याचा वाटा त्यामानाने किरकोळ. म्हणजे नळी किती टिकणार हे मुख्यतः काडतुसात कुठली आणि किती दारू आहे त्यावर ठरतं.

हा धडा ब्रिटिशांना नेमका थ्री नॉट थ्रीवरच शिकावा लागला. गोष्टीचा नायक विल्यम मेटफोर्ड, आपल्यासारखाच इंजिनिअर, रेल्वेचा. १८५७ साली ईस्ट इंडियन रेल्वेच्या कामावर बिहारात मुंगेरला येऊन पोहोचला आणि पाहतो तर उठाव पेटलेला. तब्येत बिघडली, वर्षभरात इंग्लंडला परत. (ऑनसाइटवरून लवकर परत येण्याची परंपरा जुनी आहे!) तिकडे जाऊन त्याने लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा ध्यास घेतला. तेव्हा काळी दारू वापरायचे. तिची मुख्य कटकट म्हणजे काजळी. पाच-दहा बार झाले की चरांत राख चिकटायची आणि नेम बिघडायचा. मेटफोर्डने चर अगदी उथळ केले, जेमतेम एक दशांश मिलिमीटर, आणि त्यांचे कोपरे गोलसर ठेवले, म्हणजे काजळीला धरायला जागाच नाही. त्याच्या नळ्यांनी लांब पल्ल्याचे सामने गाजवले. १८८८ साली ब्रिटिश फौजेने ली-मेटफोर्ड रायफल घेतली तेव्हा नळी त्याचीच होती.

आणि नेमकी तेव्हाच दारू बदलली. फ्रान्समध्ये १८८४ साली बिनधुराची दारू निघाली होती. ब्रिटिशांनी १८८९ मध्ये कॉर्डाइट बनवलं. त्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के चक्क व्हॅसलीन. त्याच काडतुसात आधी साधारण साडेचार ग्रॅम काळी दारू लागायची, आता दोन ग्रॅम कॉर्डाइटमध्ये गोळी आधीपेक्षा जोरात, सेकंदाला सुमारे ६०० मीटर जाऊ लागली. धूर नाही, काजळी नाही. फक्त आच भयंकर. मेटफोर्डचे ते सुंदर उथळ चर काही हजार बारांत पुसून जाऊ लागले.

मला यात मेटफोर्डची चूक दिसत नाही. त्याने कोड एका लायब्ररीसाठी लिहिला होता, रिलीजनंतर कोणीतरी खालून लायब्ररीच बदलली. एनफिल्डच्या कारखान्याने मग खोल, चौकोनी कोपऱ्यांचे पाच चर काढले. १८९५ ची ली-एनफिल्ड ती हीच. नंतर, १९०१ साली, दारूही सुधारली. नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणलं, आच कमी झाली, नळ्या जास्त टिकू लागल्या. रायफल आणि काडतूस, दोघांनी एकेक पाऊल मागे घेतलं तेव्हा संसार जमला.

आपल्याकडे या काडतुसाचं एक मोठं ठिकाण म्हणजे खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा. कॉर्डाइटसाठी निलगिरीत अरुवनकाडूला १९०४ साली वेगळा कारखाना उभा राहिला. मामांना अजून एक गोष्ट आठवत होती. फायरिंग संपलं की नळीत उकळतं पाणी ओतायचं. तो नुसता शिस्तीचा भाग नव्हता. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचा क्षार नळीत राहतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि नळी गंजते. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. ज्याने कंटाळा करून नुसतं तेल फिरवलं, त्याने पुढच्या शिपायाची नळी खाल्ली. आधीच जळालेल्या घशाला वर गंज, मग गोळीला चरांची पकड मिळणार कशी? ती डुगडुगत निघते आणि आडवी होते. मामांची काकडीची बी ती हीच.

आता खेळाकडे येऊ. भारतात नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१ ची. पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, म्हणजे पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले तेच. (जन्म १८८८, ली-मेटफोर्डचंच वर्ष. योगायोग, दुसरं काय.) राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी असलेली स्पर्धा आजही मावळंकरांच्या नावाने होते.

परदेशात हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, खेळणाऱ्यांपुढे तोच १८९० चा प्रश्न रोज उभा असतो. थ्री नॉट एट काडतूस घेतलं तर नळी चार-पाच हजार बार सहज काढते, पण तेवढ्या अंतरावर गोळीचा वेग आवाजाच्या वेगाजवळ उतरतो आणि वारा तिला जास्त ढकलतो. साडेसहा मिलिमीटरची, भरपूर दारूची काडतुसं गोळी जास्त वेगात सोडतात, वाऱ्यात कमी हलतात, पण बारीक नळीतून ढीगभर दारूची आग जाते आणि घसा हजार-दीड हजार बारांत संपतो. मी गंमत म्हणून हिशोब केला. दीड हजार बार, प्रत्येकी दीड मिलिसेकंद, म्हणजे सव्वादोन सेकंद. एवढ्या महागड्या नळीचं खरं आयुष्य सव्वादोन सेकंद! म्हणून बरेच जण सरावाला सौम्य काडतूस ठेवतात, आणि पाल्मासारख्या जुन्या सामन्यात तर नियमानेच सगळ्यांना थ्री नॉट एटसारख्या काडतुसांत बांधून ठेवलंय.

पॉइंट टू टूचं गणित उलटं आहे. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटरवर ब्राँझ मिळवलं, ते या छोट्या काडतुसावर. त्यात दारू चिमूटभर, गोळी शिशाची, नळी वर्षानुवर्षं टिकते. तिथे खेळाडू नळी जपण्यापेक्षा काडतुसांचा लॉट शोधण्यात जीव टाकतात. एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून मारून बघायचे, ज्याची भोकं सगळ्यात जवळजवळ पडतील तो लॉट उचलायचा.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग त्या साहेबाला हे तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर?" यावर मी काय बोलणार! सर्व्हिस बुकातला शेरा काही आता निघत नाही.

मी विचारलं, एखादी पुंगळी आहे का आठवण म्हणून? तर म्हणाले, कुठली, एकेक मोजून परत द्यावी लागायची. पण बुडावर काय लिहिलेलं असायचं ते पक्कं लक्षात आहे. इंग्रजीत के आणि एफ, मध्ये एक बाण. म्हणजे खडकी. मी रोज लोकलने त्याच स्टेशनवरून जातो.