'नोड' ह्या संज्ञेचा अर्थविस्तार : लिनक्स कर्नल आणि त्वरकांची मेमरी

शास्त्रीय परिभाषेतील संज्ञा एकदा निश्चित झाली म्हणजे ती कायमची स्थिर झाली, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः संज्ञा ज्या वस्तूवरून बेतलेली असते ती वस्तूच बदलू लागली, म्हणजे संज्ञेस ताणावे तरी लागते किंवा टाकून तरी द्यावे लागते. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या इतिहासात 'नोड' ह्या शब्दाच्या वाट्यास हेच आले. मूळ लॅटिनमध्ये ह्या शब्दाचा अर्थ गाठ. वाक्यरचनेच्या वृक्षाकृतीमुळे भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस तो परिचित आहेच. लिनक्सच्या कर्नलमध्ये त्याने कोणता अर्थ धारण केला आणि त्वरक, म्हणजे ॲक्सिलरेटर, आल्यावर त्या अर्थाचे काय झाले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अनेक प्रोसेसर एकाच मेमरीवर काम करू लागले की मेमरीकडे जाणाऱ्या वाटेवर गर्दी होते. ह्यावर उपाय असा, की मेमरीचे भाग करून प्रत्येक भाग काही प्रोसेसरांच्या शेजारी ठेवावा. परंतु पत्त्यांच्या दृष्टीने सर्व मेमरी एकच राहावी. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात घडविलेले सी.एम.स्टार हे यंत्र, पुढे स्टॅनफर्डमधील डॅश आणि १९९६ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने बाजारात आणलेले ओरिजिन २००० ही ह्याच परंपरेतील होत. अशा यंत्रात जवळची मेमरी लवकर वाचता येते व दूरची उशिरा. म्हणून ह्या रचनेस 'नॉन-युनिफॉर्म मेमरी ॲक्सेस', संक्षेपाने 'न्यूमा', म्हणतात. २००३ मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉनने मेमरी नियंत्रक प्रोसेसरच्याच चकतीवर आणला, २००८ मध्ये इंटेलच्या नेहालेमने तोच मार्ग धरला, आणि जी रचना मोजक्या प्रयोगशाळांत होती ती दोन प्रोसेसरांच्या साध्या सर्व्हरमध्येही आली.

लिनक्सने ह्या बदलाशी क्रमाक्रमाने जुळवून घेतले. कोणत्या नोडची मेमरी घ्यावी हे प्रोग्रामला सांगता यावे अशी सोय २००४ मध्ये झाली. २००६ मध्ये मेमरीचे पान एका नोडवरून दुसऱ्यावर हलविता येऊ लागले. २०१३ च्या ३.८ ह्या आवृत्तीपासून कर्नल हे काम आपण होऊन करू लागले. त्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. कर्नल काही पानांची नोंद तात्पुरती काढून घेते. मग जो प्रोसेसर त्या पानापाशी अडखळतो, तो कोणत्या नोडवरचा आहे हे पाहून पान त्याच्याजवळ नेते. ह्या सर्व योजनेत एक गृहीतक अनुच्चारित राहिले होते. नोड म्हणजे कर्नल ज्यांस काम वाटून देते ते प्रोसेसर आणि कर्नल जिचे वाटप करते ती मेमरी, ह्यांची एकत्र गाठ.

त्वरकांनी ही गाठ सोडविली. २००७ मध्ये एनव्हीडियाच्या कूडा प्रणालीमुळे चित्रांकनासाठी केलेली कार्डे सामान्य गणनेसाठी वापरली जाऊ लागली. अशा कार्डावर स्वतःची वेगवान मेमरी असे. परंतु तिचा कारभार ड्रायव्हरकडे असे. कर्नलच्या लेखी कार्ड हे केवळ एक उपकरण होते. ते कोणत्या नोडला जवळ आहे एवढा एक आकडा कर्नल नोंदवीत असे, आणि तोही ठाऊक नसल्यास उणे १ असा लिहीत असे. प्रोसेसरच्या मेमरीतून कार्डाच्या मेमरीत माहितीची नक्कल करणे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचे काम होते.

खरा वाद २०१६–१७ मध्ये उभा राहिला. आयबीएमचा पॉवर ९ प्रोसेसर एनव्हीलिंक ह्या जोडणीने एनव्हीडियाच्या व्होल्टा त्वरकाशी अशा रीतीने जोडला जाणार होता, की प्रोसेसरला त्वरकाची मेमरी थेट वाचता यावी. तेव्हा आयबीएमच्या अभियंत्यांनी ही मेमरी नोड म्हणूनच मांडावी असा प्रस्ताव केला. लाभ उघड होता : न्यूमासाठी घडविलेली सर्व साधने आयती लागू पडली असती. धोकाही तितकाच उघड होता. एकदा नोड म्हटले की कोणत्याही सामान्य प्रोग्रामची पाने तेथे वाहून येणार, आणि ज्या गणनेसाठी ती महागडी मेमरी बसविली तिलाच जागा उरणार नाही. म्हणून त्या प्रस्तावात नोडभोवती कुंपण घालण्याच्या तरतुदीच अधिक कराव्या लागल्या. जेरोम ग्लिस ह्यांनी २०१४ पासून मांडलेली 'हेटरोजिनियस मेमरी मॅनेजमेंट' ही योजना ह्याच्या उलट होती. तीत त्वरकाची मेमरी नोड होत नाही. तिची पाने उपकरणाच्या खाजगी मालकीची राहतात. प्रोसेसरने त्यांना स्पर्श करताच तो अडविला जातो आणि ड्रायव्हर ते पान सामान्य मेमरीत परत आणतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये निघालेल्या ४.१४ ह्या आवृत्तीत हीच योजना स्वीकारली गेली.

वाद मिटला असे मात्र म्हणता येत नाही. पॉवर ९ ची यंत्रे प्रत्यक्ष वापरात आली तेव्हा त्यांवरील लिनक्समध्ये त्वरकांची मेमरी २५५ व त्याखालील क्रमांकांच्या नोडच्या रूपानेच दिसू लागली. पुढे संज्ञाच सैल होत गेली. २०२० च्या ५.१० आवृत्तीपासून ज्यात कर्नलचा प्रोसेसर नाही आणि मेमरीही नाही, केवळ मेमरीची मागणी करणारा त्वरक आहे, असाही नोड मान्य झाला. सीएक्सएल जोडणीमुळे नुसत्या मेमरीचे नोड आले, आणि २०२२ च्या ६.१ आवृत्तीत नोडांची वेगानुसार प्रतवारी सुरू झाली. त्याच वर्षीच्या ६.० आवृत्तीत एएमडीच्या अभियंत्यांनी मधला मार्ग आणला : पान प्रोसेसरला थेट वाचता येते, पण सामान्य वाटपात ते मिळत नाही. २०२३ च्या ग्रेस हॉपरमध्ये एनव्हीडियाने पुन्हा नोडचाच आश्रय घेतला.

ह्या मागेपुढे जाण्याचे कारण यंत्रापेक्षा संज्ञेत अधिक आहे, असे मला वाटते. मराठीत 'माझे घर' म्हटले की जागा आणि मालकी ह्या दोन्ही गोष्टी एकदम सूचित होतात. घरात भाडेकरू आला म्हणजे त्या वेगळ्या करून सांगाव्या लागतात. जुन्या नोडमध्येही दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र होती : मेमरी कोठे आहे, आणि तिचे वाटप करण्याचा अधिकार कोणाचा. त्वरकाच्या बाबतीत पहिल्याचे उत्तर कर्नलला हवे असते, दुसऱ्याचे ड्रायव्हरपाशी असते. २०१७ मधील दोन्ही पक्ष आपापल्या प्रश्नापुरते बरोबर होते. एकच शब्द दोघांस पुरेल ही अपेक्षा तेवढी चुकीची होती.

हा वाद केवळ अभियंत्यांचा नव्हे. आज भाषाविषयक गणना मुख्यतः त्वरकांवरच चालते. पुण्याच्या सी-डॅकमधील परम सिद्धी-एआय ह्या २०२० च्या यंत्रातही प्रत्येक घटकात दोन प्रोसेसर आणि आठ त्वरक आहेत. कोणता त्वरक कोणत्या नोडजवळ, हा प्रश्न तेथेही आहेच. त्वरकाजवळच्या नोडऐवजी दूरच्या नोडवर काम बांधले गेले, तर प्रोग्राम निर्दोष असूनही मंद चालतो, आणि अभ्यासक दोष आपल्या सूत्रांत शोधीत बसतो. अशा वेळी प्रथम शब्दाचा अर्थ तपासावा, हा धडा भाषाशास्त्राने इतर शास्त्रांस देण्याजोगा आहे.