वायू-प्रकाशसंवेदक

राजवायूंच्या अतिथंड द्रवात उमटणारा प्रकाश वायूच्या मदतीने टिपणारे साधन. द्रवरूप झेनॉन किंवा अरगॉन भरलेल्या टाकीत प्रारणाचा कण शिरला की द्रव क्षणभर चमकतो. झेनॉनची ही चमक सुमारे १७५ नॅनोमीटर तरंगलांबीची, अरगॉनची १२८ नॅनोमीटरची. दोन्ही अतिनील, डोळ्याला न दिसणाऱ्या आणि साध्या काचेने अडवल्या जाणाऱ्या.

कृष्णद्रव्याच्या शोधात एकेक फोटॉन मोलाचा असतो. इटलीत ग्रान सास्सो डोंगराखालच्या झेनॉन-एनटी प्रयोगात त्यासाठी ४९४ प्रकाशगुणक नळ्या बसवल्या आहेत. मात्र गोल नळ्या कितीही दाटीने मांडल्या तरी मधे फटी उरतात आणि तिथला प्रकाश वाया जातो. वायूचा संवेदक सपाट, सलग आणि मोठ्या क्षेत्रफळाचा करता येतो. त्याचे खरे बळ हेच.

त्याच्या खिडकीआड सीझियम आयोडाइडचा पातळ थर असतो. फोटॉन त्यावर आदळला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि खालच्या पत्रीच्या छिद्रात ओढला जातो. ही पत्री सर्किट बोर्डाच्याच पदार्थाची, दोन्ही बाजूंनी तांबे चढवलेली, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तिला ड्रिलने असंख्य बारीक भोके पाडलेली. भोकातील तीव्र विद्युतक्षेत्रात एका इलेक्ट्रॉनामागे इलेक्ट्रॉनांचा लोंढा तयार होतो. अशा तीन पत्र्या एकाखाली एक लावल्या की एकाचे लाखभर होतात. मूळ पातळ पत्रीची कल्पना सर्नमधील फाबिओ साउली यांची, १९९७ची. इस्रायलच्या वाइझमान संस्थेत आमोस ब्रेस्किन यांच्या गटाने जाड पत्री वापरून २०१५मध्ये असा संवेदक द्रव झेनॉनच्या शोधकाला जोडून दाखवला.

वायूने कण टिपण्याची विद्या भारताला नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कोलारच्या सोन्याच्या खाणीत, २.३ किलोमीटर खोलीवर, १९८०च्या दशकात प्रोटॉनच्या ऱ्हासाचा माग घेतला तो वायूने भरलेल्या गणित्रांनीच.

अडचणी खिडकीपासून सुरू होतात. झेनॉनला क्वार्ट्‌झ चालते, अरगॉनला मॅग्नेशियम फ्लोराइड लागते. सीझियम आयोडाइड दमट हवेत बिघडते. वायूही असा हवा की तो थंडीत द्रव होणार नाही. निऑनमध्ये थोडे मिथेन मिसळून ते साधते. लोंढ्यात तयार झालेले धन आयन उलटे येऊन थरावर आदळतात आणि त्याची झीज करतात. या आयनांना वाटेतच अडवणे हे संशोधकांपुढचे मोठे काम आहे. दरम्यान सिलिकॉनचे संवेदकही स्पर्धेत उतरले असून द्रव अरगॉनच्या डार्कसाइड-२०के प्रयोगाने तेच निवडले आहेत.