लाखेपासून फ्लॅकपर्यंत

जुन्या चित्रपटगीतांचा विषय निघाला की आपल्या मंडळींत हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, "आता सगळं फोनवर मिळतं, जमवायचं कशाला?" दुसरा म्हणतो, "रेकॉर्डची मजा कशालाच नाही!" मी गेली वीस-पंचवीस वर्षं हिंदी-मराठी चित्रपटांची गाणी लॉसलेस स्वरूपात, म्हणजे आवाजातला एक कणही न गमावता साठवतो आहे. म्हणून दोघांचंही थोडं ऐकून, थोडी इतिहासाची उजळणी करावी म्हणतो.

सुरुवात हरवण्यापासूनच करावी लागते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. आपला पहिला बोलपट! त्यात सात गाणी होती. पण त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत, आणि चित्रपटाची प्रतही आज उपलब्ध नाही. म्हणजे आपल्या पहिल्या चित्रपटगीतांचा आवाज कायमचा गेला. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' आला. संगीत गोविंदराव टेंबे यांचं. त्याची प्रत टिकली, म्हणून ती गाणी आज ऐकता येतात. एका वर्षाचं अंतर, पण नशीब केवढं वेगळं!

पुढे जवळजवळ चार दशकं गाणं घरी यायचं ते ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवरून. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावत. गाणं त्याहून मोठं असलं तर एखादं कडवं गाळायचं, नाहीतर दोन बाजूंवर दोन भाग करायचे. त्यामुळे पडद्यावरचं गाणं आणि तबकडीवरचं गाणं पुष्कळदा वेगवेगळं असतं. पार्श्वसंगीत तर तबकडीवर सहसा यायचंच नाही. म्हणून खरा संग्राहक दोन्ही ठेवतो: तबकडीवरून घेतलेलं आणि चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवरून घेतलेलं. 'यातलं मूळ कोणतं?' या प्रश्नाला माझ्याकडे तरी 'दोन्ही' एवढंच उत्तर आहे.

मग एलपी आल्या, कॅसेट आल्या, आणि १९८२ साली सीडी आली. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं मोजमाप होतं, प्रत्येक माप १६ बिटांचं, आणि असे दोन चॅनेल. हिशेब केला तर मिनिटाला सुमारे १० एमबी. नव्वदच्या दशकात संगणकाच्या डिस्कवर एवढी जागा होती कुणाकडे? म्हणून एमपीथ्री डोक्यावर घेतलं गेलं. पहिला आयपॉड २००१ साली आला तो ५ जीबीचा. एमपीथ्री असतील तर त्यात हजारभर गाणी मावायची, सीडीच्या दर्जाची असतील तर शंभर-सव्वाशेसुद्धा मुश्किलीने.

आता एमपीथ्री आणि लॉसलेस यांत फरक काय? आपल्यापैकी प्रत्येकाने मुंबई विमानतळावर वजनकाट्यासमोर बॅग उघडलेली आहे. वजन जास्त भरलं म्हणून 'याच्यावाचून चालेल' असं म्हणत लोणच्याची बरणी काढून ठेवायची, हे झालं एमपीथ्री. कानाला फारसं जाणवणार नाही असं वाटतं ते काढून टाकलं जातं, आणि ते परत मिळत नाही. लॉसलेस म्हणजे कपड्यांच्या घट्ट घड्या घालणं. बॅग लहान होते, पण घरी उघडल्यावर सगळं जसंच्या तसं.

जॉश कोल्सन याने तयार केलेल्या फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ती २००१ साली आली. तिचं तंत्र सोपं आहे. आधीच्या मापांवरून पुढचं माप काय असेल याचा अंदाज बांधायचा, आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतला फरक तेवढा लिहून ठेवायचा. फरक लहान, म्हणून फाइल लहान. बहुधा निम्म्याच्या आसपास. शिवाय मूळ आवाजाची एक खूणगाठ फाइलमध्येच असते, त्यामुळे वर्षांनंतरही प्रत शाबूत आहे का ते तपासता येतं. ॲपलने २००४ मध्ये स्वतःचं लॉसलेस स्वरूप आणलं आणि २०११ मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं.

पण मंडळी, इथेच खरी मेख आहे. फ्लॅक जे हातात दिलं ते जपतं; ते चांगलं आहे की नाही हे त्याला कळत नाही! एमपीथ्रीवरून फ्लॅक बनवली तर फाइल मोठी होते, गेलेला आवाज परत येत नाही. अशा बनावट फाइल्स माझ्याकडे पुष्कळ येतात. आवाजाचा आलेख काढला की बऱ्याचदा १६ किलोहर्ट्झच्या आसपास रेघ मारल्यासारखा आवाज तुटलेला दिसतो, आणि चोरी पकडली जाते. जुन्या गाण्यांच्या काही सीडींवर तर खरखर काढता काढता सारंगीची धार आणि गळ्यातला श्वासही पुसून टाकलेला आढळतो. त्याची लॉसलेस प्रत म्हणजे नुकसानाचीच हुबेहूब प्रत. त्यापेक्षा चांगल्या तबकडीवरून, ७८ची रुंद सुई लावून, खरखरीसकट घेतलेली नोंद मला मोलाची वाटते. खरखर उद्या काढता येईल, पुसलेला श्वास आणणार कुठून?

आणि नुसता आवाज पुरत नाही. तबकडीचा क्रमांक, चित्रपट, वर्ष, गायक, संगीतकार यांची नोंद हवी. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांचा 'हिंदी फिल्म गीत कोश' यासाठी केवढा आधार आहे! मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने तबकड्या जमवणाऱ्यांना एकत्र आणलं. त्याच जोडीला आपल्या मराठी चित्रपटांच्या प्रत्येक तबकडीची नोंद घराघरातून व्हायला हवी.

एक कायद्याची गोष्टही सांगतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. इथे अमेरिकेत २०१८च्या कायद्याने जुन्या ध्वनिमुद्रणांना त्याहून खूप लांब मुदत दिली आहे. तेव्हा वाटताना जपून. पण आपल्याजवळची तबकडी खराब होण्याआधी तिची नोंद करून ठेवायला आळस नको.

आपल्यातली जुनी पिढी आता घरं आवरते आहे. बेसमेंटमधल्या खोक्यात आईवडिलांनी बॅगेत साड्यांच्या घडीत ठेवून आणलेल्या तबकड्या असतात, आणि मुलांना त्या काय आहेत हेही ठाऊक नसतं. यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत असं खोकं सापडलं तर ते कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. आधी लेबलांचे फोटो काढा, आणि आपल्या मंडळात विचारा. ते ऐकायला येणारं कुणी ना कुणी नक्की भेटेल.