आजीव सभासदांचा कलह

टिळक व आगरकर यांच्या वियोगाची मीमांसा करताना सामाजिक सुधारणेच्या वादाकडेच बोट दाखविण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तो निराधार नाही. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी'चे संपादकत्व सोडले व १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, तो मुख्यतः याच वादामुळे. परंतु टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, त्यामागील तंटा बराचसा निराळा होता, आणि कोणत्याही कचेरीत वा महाविद्यालयात काम केलेल्या वाचकास तो परिचयाचा वाटेल. सहकाऱ्याने आपला किती वेळ संस्थेस द्यावयाचा, आणि ते ठरवावयाचे कोणी, असा तो प्रश्न होता.

१८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले तेव्हा हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. माणसे मोजकी, ध्येय एक. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणी टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. १८८४ मध्ये सोसायटी स्थापन झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले, आणि स्नेह्यांचे रूपांतर वीस वर्षांच्या सेवेस बांधलेल्या आजीव सभासदांत झाले. वेतन दरमहा ७५ रुपये. एवढ्यावर निर्वाह करावा, बाहेरील मिळकतीकडे पाहू नये, असा टिळकांचा आग्रह. जेझुइट पंथाचा आदर्श त्यांच्यासमोर होता. दम्याने जर्जर झालेल्या व संसाराच्या ओढाताणीत सापडलेल्या आगरकरांना हा नियम जाचक वाटला, यात नवल ते काय? १८९० मध्ये तरुण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले आणि साचत आलेला वाद उफाळला.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. वृत्तपत्राच्या बाबतीत मतभेदावर तोड निघाली, कारण एका पत्राची दोन पत्रे होऊ शकत होती. शाळेची वाटणी तशी करता येत नव्हती. तेथे प्रश्न मतास टाकावा लागे. मतदानाने निर्णय होई, समेट होत नसे. अल्पमतात राहिलेला सहकारी दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीत, त्याच माणसांबरोबर शिकवावयास येई. टिळकांची बाजू तत्त्वतः अधिक सुसंगत होती, तरी माणसाच्या गरजा वयाबरोबर वाढतात हे तिने पुरेसे जमेस धरले नाही, असे माझे मत आहे.

भाषाभ्यासकास यात एक शब्द खुणावतो. पेशवाईच्या न्यायव्यवहारात 'राजीनामा' म्हणजे पंचांचा निवाडा मान्य करू असे पक्षकारांनी लिहून दिलेले संमतिपत्र. हिंदीत आजही त्याचा अर्थ तडजोड असा होतो. मराठीत मात्र तो पद सोडण्याचा कागद झाला. १८९० च्या डिसेंबरात टिळकांनी सोसायटीस दिलेला राजीनामा या दुसऱ्या अर्थाचा. पण तो एवढा विस्तृत आहे की दहा वर्षांच्या सहवासाची ती कैफियतच वाटते. सोडून जाणारा मनुष्य एवढे सविस्तर लिहितो, तेव्हा त्याला अद्याप कोणीतरी आपले म्हणणे ऐकावे असे वाटत असते.

आगरकर १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. १७ जून १८९५ रोजी ते वारले. 'केसरी'तील त्यांच्यावरील मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.