जानेवारीतला माळ : हौशी भूदृश्य-छायाचित्रणाची प्रस्तावना

पावसाळ्यात महाराष्ट्रातला कुठलाही डोंगर देखणा दिसतो. माळशेज, भंडारदरा, कास इथे कॅमेरे घेऊन जाणाऱ्यांची रीघ लागते आणि आपल्या मनातलं महाराष्ट्राचं चित्र बरंचसं त्यांच्याच छायाचित्रांनी घडवलेलं आहे. ती छायाचित्रं मलाही आवडतात. मात्र पडलेलं पाणी जमिनीत मुरलं की वाहून गेलं, हे ऑगस्टमधल्या छायाचित्रातून कळत नाही. त्यासाठी जानेवारीची वाट पाहावी लागते. तोवर कोरडा माळ पिवळा पडलेला असतो आणि पाणी धरून ठेवलेल्या शिवारात शाळू, हरभरा, गहू, कांदा उभा असतो. पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी हा फरक पाहायला शिकवणारं गाव आहे. हौशी छायाचित्रणाच्या ज्या शाखेत मी वाचकांना बोलावतो आहे, तिचा गाभा अगदी साधा आहे : रोजच्या पाहण्यातली जागा निवडावी, तिचा हिवाळा टिपावा आणि दर वर्षी तिथे परत जावं.

हौशी माणसांनी या कलेला काय दिलं, ते आधी पाहू. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जगापुढे आला आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. पेशाने वैद्य असलेल्या या माणसाने कॅमेरा मनापासून जोपासला. लाला दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते. तिथेच १८७०च्या दशकात त्यांना छायाचित्रणाची गोडी लागली आणि पुढे ते या देशातले अग्रगण्य छायाचित्रकार झाले.

हिवाळ्याचं छायाचित्रण तर हौशी मंडळींचं फारच ऋणी आहे. अमेरिकेतल्या व्हर्मोंट राज्यातला विल्सन बेंटली हा शेतकरी. १८८५च्या जानेवारीत त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचं छायाचित्र घेतलं आणि पुढच्या आयुष्यात अशी ५,०००हून जास्त छायाचित्रं काढली. १८९३च्या फेब्रुवारीत आल्फ्रेड स्टिगलिट्झ हातात मावणारा कॅमेरा घेऊन न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर हिमवादळात तासन्‌तास उभा राहिला. बर्फातून वाट काढणाऱ्या घोडागाडीचं त्याचं छायाचित्र शहराच्या हिवाळ्याला कलेत स्थान देऊन गेलं. दोघांनीही विषय शोधायला दूरचा प्रवास केला नव्हता. एकाने आपल्या अंगणात पडणारं बर्फ टिपलं, दुसऱ्याने आपल्या शहरातला रस्ता.

राळेगणची पार्श्वभूमी अनेकांना ठाऊक आहे. पर्जन्यछायेतलं गाव, वर्षाचा पाऊस साधारण ४०० ते ५०० मिलिमीटर आणि तोही लहरी. १९७२च्या दुष्काळाने हा सगळा टापू पोळून निघाला होता आणि अनेक कुटुंबांना पोटासाठी बाहेर मजुरीला जावं लागत होतं. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले. यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून गावाची घडी बसू लागली. पुरंदर तालुक्यातल्या विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीच्या कामातून धडा घेऊन श्रमदानाने नालाबांध, समतल चर, वृक्षलागवड झाली आणि गळका पाझर तलाव दुरुस्त झाला. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावाने स्वतःवर घालून घेतली. १९९२ मध्ये राज्याने आदर्श गाव योजना सुरू केली, तेव्हा तिच्यापुढे राळेगणचा अनुभव होता.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने यातली महत्त्वाची बाब अशी की, हे सगळं काम जमिनीच्या अंगावर उमटलेलं आहे. डोंगरउतारावरचा समतल चर म्हणजे समान उंचीच्या रेषेत खणलेला लांबच लांब खड्डा. उतारावरून धावणारं पाणी तो अडवतो, थांबवतो आणि खालच्या मुरमात मुरू देतो. भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना हा चर कॅमेऱ्यात जवळजवळ दिसतच नाही. हिवाळ्यात मात्र प्रकाश आपल्या बाजूने असतो. राळेगण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला तिथे सूर्य दुपारी थेट माथ्यावर येतो. २२ डिसेंबरला तो भर दुपारीही क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणजे काठीची सावली ऐन मध्यान्हीसुद्धा काठीच्या लांबीच्या नऊ-दशांश पडते. सकाळी आठच्या सुमारास तर ही सावली कितीतरी पट लांब असते. त्या तिरप्या उन्हात चरांच्या कडा, बांधांच्या ताली, ओढ्याचे काठ गडद रेषांनी उठून दिसतात आणि अख्ख्या डोंगराची आखणी वाचता येते. ब्रिटनमध्ये ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी १९२०च्या दशकात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांचा पुरातत्त्वासाठी उपयोग रूढ केला. जमिनीत मिसळून गेलेले जुने बांध शोधायला त्या शास्त्रातही तिरप्या सावल्यांचाच आधार घेतला जातो. आपल्याला विमानाची गरज नाही. समोरच्या टेकडीवर वेळेवर पोहोचलं की पुरे.

दूरचं दृश्य पाहून झालं की जवळ यावं. पाझर तलावाच्या उघड्या पडलेल्या काठावर गाळाच्या पट्ट्या दिसतात. पाणी थोडं उतरतं, काही दिवस थांबतं, पुन्हा उतरतं आणि प्रत्येक थांब्याची एक रेघ मागे ठेवतं. वरच्या पट्ट्यांना भेगा पडलेल्या, मधल्यांवर बगळ्यांच्या पायांचे ठसे, अगदी खालची अजून ओली, चकाकणारी. ही एक चौकट जानेवारीत घेतली आणि तीच मार्चमध्ये पुन्हा घेतली, तर तलाव किती झपाट्याने उतरला हे आकडे नसतानाही कळतं. तिथून हरभऱ्याच्या वावरात जावं, अर्थात बांधावरूनच. हरभऱ्याच्या पानांवर बारीक केसांच्या टोकाला आंबट थेंब असतात. त्यांत रात्रीचं दव मिसळतं. पूर्वी बायका रात्री पिकावर स्वच्छ फडकं पसरून ही आंब गोळा करत. उगवतीकडे तोंड करून, गुडघ्यावर बसून पाहिलं तर मागून येणाऱ्या उन्हात प्रत्येक पान कडेने उजळतं. जमिनीत ओल आहे, पीक तजेलदार आहे आणि रात्र निरभ्र होती, एवढं सगळं त्या एका पानावर वाचता येतं.

शहरात राहणाऱ्यांनी आपल्याला हे क्षेत्र बंद आहे असं समजू नये. निरभ्र हिवाळी रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा गार पडते आणि वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते. म्हणूनच पुण्यात किंवा अहिल्यानगरात डिसेंबरच्या सकाळी शेकोट्यांचा, वाहनांचा धूर छपरांच्या उंचीवर तरंगत राहतो. पर्वतीवरून रोज त्याच वेळी टिपलेलं शहर हा हवेचा विश्वासू जबाब ठरतो. टपरीवरच्या चहाची वाफ, कानटोपी घालून दुधाच्या पिशव्या वाटणारा पोऱ्या, कोवळ्या उन्हात भिंतीला पाठ टेकून बसलेली म्हातारी माणसं, ही आपल्या हिवाळ्याची रूपं आहेत. त्यांचं मोल ओळखायला बर्फाची आवश्यकता नाही.

आता पद्धतीविषयी. एकाच जागेवरून काळाच्या अंतराने पुन्हा पुन्हा छायाचित्र घेण्याची शास्त्रीय परंपरा १८८०च्या दशकाअखेरपासून चालत आलेली आहे. जर्मन गणितज्ञ सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर यांनी आल्प्समधल्या हिमनद्यांसाठी ती वापरली. तिचे नियम कुणालाही पाळता येतील असे आहेत. उभं राहण्याची जागा पक्की करावी. एखादा मोठा दगड किंवा पुलाचा कठडा चालेल. चौकटीत सहसा न बदलणारी गोष्ट असावी, जसं डोंगराची कड किंवा देवळाचं शिखर. कॅमेऱ्याची उंची आणि भिंगाची निवड तीच ठेवावी. तारीख, वेळ, त्या वर्षीचा पाऊस आणि जवळच्या विहिरीतलं पाणी किती खोल आहे, हे वहीत लिहावं. राळेगणच्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पुढची पिकं ठरवण्याची रीत आहे. अशा ताळेबंदाच्या जोडीला दर वर्षीचं छायाचित्र असेल तर दोन्हींची किंमत वाढते.

संगणकावर रंग सुधारताना हात आखडता घ्यावा. हिरवा रंग चढवायला एक बोट पुरतं. पण ज्या छायाचित्राचा विषयच पाणी आणि हिरवळ आहे, तिथे असा फेरफार म्हणजे साक्ष बदलणं होय. अर्थ लावतानाही घाई नको. चांगल्या पावसाच्या एका वर्षाने उघडाबोडका माळही हिरवा होतो, त्याचं श्रेय बंधाऱ्याला देता येत नाही. म्हणून कमी पावसाच्या वर्षातलं छायाचित्र सगळ्यांत मोलाचं. नेमक्या त्याच वर्षी कॅमेरा घरात ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा. भूजल तर डोळ्यांना दिसतच नाही, छायाचित्र फक्त त्याच्या खुणा दाखवतं. माणसांच्या बाबतीत नियम एकच : आधी बोलावं, विचारावं, मग कॅमेरा उचलावा, आणि छायाचित्राची प्रत त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

या क्षेत्रातली मोठी उणीव म्हणजे ‘पूर्वीची’ छायाचित्रं. १९७०-८०च्या दशकांत हौशी माणसाच्या हाती आग्फा क्लिक-३सारखा साधा कॅमेरा असे आणि एका रोलवर १२ चौकोनी छायाचित्रं निघत. ती बारशाला, लग्नाला, फार तर देवदर्शनाच्या सहलीला पुरवून वापरायची. उजाड माळावर कोण रोल खर्च करणार? तरीही तो माळ अनेक छायाचित्रांत आलेला आहे. लग्नाच्या मांडवामागे, नव्या बैलजोडीच्या पाठीशी, शाळेच्या गटचित्रात वरच्या कोपऱ्यात. घरोघरच्या अल्बममध्ये माणसांच्या मागे पाहत गेलं तर डोंगरावर तेव्हा झाडं होती का, ओढ्याला पाणी होतं का, याची उत्तरं सापडतात. हे काम करायला इतिहासाची पदवी लागत नाही. घरातल्या आजीशेजारी बसून अल्बमची पानं उलटावी लागतात आणि ती सांगेल ते साल, ती जागा मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावी लागते.

माझं म्हणणं एवढंच आहे की, आपल्या गावाच्या जमिनीचं काय होत आहे हे जाणून घेण्याचा हक्क आणि साधन आता जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात आहे. राळेगणने कष्टाने जे केलं, ते पुढच्या पिढीला पटवायला आठवणी आणि भाषणं अपुरी पडतील, आणि जिथे असं काम अजून व्हायचं आहे त्या शेकडो गावांना आजची स्थिती नोंदवून ठेवण्याची वेळ हीच आहे. या हिवाळ्यात एक जागा निवडा. घेतलेल्या छायाचित्राची छापील प्रत तारखेसह गावच्या शाळेत किंवा वाचनालयात ठेवायला द्या आणि पुढच्या वर्षी शाळेतल्या दोन मुलांना सोबत न्या. तुम्ही थांबलात तरी त्यांच्यापैकी कुणीतरी हे काम पुढे चालवील.