लाखोरीचे वडे

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याकडे धान कापणीला येतो तेव्हा बांधीत अजून ओल असते. त्या ओलीवरच लाखोरी या कडधान्याचं बी फेकायचं. नांगर नको, पाणी नको, खत नको. हिवाळ्यात कोवळ्या शेंड्यांची भाजी, शिमग्याच्या सुमारास डाळ, उरलेला भुसा बैलांना. जवसही त्याच ओलीवर येई, म्हणजे वड्यांची डाळ आणि तळणाचं तेल एकाच बांधीतून घरात यायचं.

आजी डाळ रात्री भिजवायची. सकाळी म्हणायची, "पयलं पानी फेकून दे, मंग वाट." दोनतीनदा धुतलेली डाळ पाट्यावर भरडच वाटायची, सोबत लसूण, हिरवी मिरची, जिरं. ओल्या तळव्यावर थापून वडा कढईत सोडला की कडा आधी लाल होत. आत डाळीचे कण दाताखाली यायलाच हवेत; गंधासारखी मऊ वाटलेली डाळ तिला चालत नसे. पोळ्याला आणि मंडईच्या जत्रेला आलेल्या पाहुण्यांना हे वडे ठरलेले.

याच डाळीच्या विक्रीवर 1961 मध्ये अन्नभेसळ नियमांखाली बंदी आली. कारण खरं होतं. लाखोरीत ओडॅप नावाचं द्रव्य असतं. महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. 1829 मध्ये सागर भागात गारपिटीने आणि 1831 मध्ये रोगाने गहू गेला, लोक हीच डाळ खाऊन जगले आणि अनेक जण अपंग झाले. इंग्रज अधिकारी स्लीमन यांनी ते लिहून ठेवलं आहे. पुढे रीवा भागात वेठबिगारांना मजुरीच या डाळीत मिळे. पाय गेले ते त्यांचे.

म्हणजे दोष डाळीइतकाच भुकेचा आणि मजुरी देणाऱ्याचा होता. भात, भाजी, ताक यांच्यासोबत अधूनमधून वडे खाणारं घर आणि फक्त लाखोरीवर जगणारा वेठबिगार यांना नियमाने एकाच मापाने मोजलं. बंदीने पीक थांबलं नाही. डाळ नाव लपवून तुरीच्या डाळीत आणि बेसनात मिसळली गेली, आणि पिकवणाऱ्याला भाव मिळाला नाही.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी या डाळीसाठी वर्षानुवर्षे झगडले. महाराष्ट्राने पुढे बंदी उठवली. 2016 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी ओडॅपच्या वाणांना अनुकूल मत दिलं.

आजीच्या पाणी फेकण्यालाही आधार आहे: ओडॅप पाण्यात विरघळतं, भिजवून पाणी टाकलं की बरंचसं निघून जातं. म्हणून भंडाऱ्याच्या शेतकऱ्यांना माझं सांगणं, कमी ओडॅपचं बियाणं मागून घ्या आणि लाखोरी लाखोरीच्याच नावाने विका. घरी वडे कराल तेव्हा पहिलं पाणी मात्र न चुकता फेका.